पलीकडचा कडा

मेहकर, रविवार, २३ मे १९४३

एप्रिलच्या एकविसानंतर या वहीत एक ओळ नाही. वहीची क्षमा मागतो. प्रवासात ती बरोबर होती, टाकही होता, सवडही होती. लिहिले असते तर जे झाले ते पक्के झाले असते, म्हणून लिहिले नाही.

परवा कोकणातून आलो. धाकटी बहीण तिकडे दिली आहे, तिला सुटीत भेटायला गेलो, असे शाळेत सांगितले होते. ते खोटे नाही, पण खरे कारण गोजरबाई. क्रमाने लिहितो.

गोजरबाई दुसरबीडच्या. त्यांचा उत्तम माझ्या हाताखाली शिकला आणि १९४० च्या दिवाळीनंतर फौजेत गेला. गेल्या वर्षी तार आली: जहाज बुडाले, उत्तम बेपत्ता, मृत धरण्यात येत आहे. तार मीच वाचून दाखवली. प्रेत मिळाले नाही तर पळसाच्या पानादेठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गोजरबाई तो करू देत नाहीत. म्हणतात, "पुरला असता तं माती पाह्यली असती. जाळला असता तं राख. पाण्यानं नेला म्हणता, तं ते पाणी तरी दावा."

घरात सून आहे, शालू, एकोणीस वर्षांची. पुतळा होत नाही तोवर ती ना सवाशीण ना विधवा. साखरखेर्ड्याला तिच्या वडिलांनी पाटासाठी एक चांगले स्थळ पाहून ठेवले आहे. ते लोक थांबले आहेत, पण किती थांबतील? सासूच्या तोंडून 'गेला' हा शब्द निघाल्याशिवाय शालूचा दुसरा संसार उभा राहत नाही.

मार्चमध्ये गोजरबाई मेहकरला घरी आल्या. "मास्तर, तुमच्यापाशी तो फोटोचा डबा हाये. तुमी तिकडं चालले. पाणी धरून आणा."

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी समुद्र पहिल्यांदा पाहिला. दोन दिवस कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. कुठून धरावा ते कळेना. डोंगराला एक बाजू असते, देवळाला दार असते, समुद्राला यातले काही नाही. मग दोन फिल्म घेतल्या, सोळा फोटो. त्यांतले आठवतात तेवढे लिहून ठेवतो, कारण आता ते इथेच आहेत. ओहोटीची ओली वाळू आणि तिच्यात पडलेले आभाळ. एक काळा खडक. पाणी त्याच्याभोवती पांढऱ्या दोरीसारखे फिरत होते. कलंडलेली होडी. आणि शेवटचा: एक आडवी रेघ, तिच्या वर उजेड, खाली उजेड, बाकी काही नाही. निळा रंग काढून घेतला की समुद्रात उजेड आणि हालचाल एवढेच उरते. गोजरबाईंना द्यायचा होता तो हा.

लढाईमुळे किनाऱ्याचे फोटो काढायला बंदी आहे हे मला ठाऊक होते. इथे पळवाट नको: ठाऊक होते. वाटले, मास्तरला कोण विचारतो. विचारले. पोलीस अधिकारी सभ्य होता, बसायला खुर्ची दिली. मग कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि कोष्ट्याने सूत ओढावे तशी फिल्म उन्हात ओढली. आधीची गुंडाळी मी खिशातून स्वतः काढून दिली. "तुमच्याकडे पाहून विश्वास बसतो, मास्तर," तो म्हणाला, "पण मला तुमच्याकडे पाहून चालत नाही."

तिसरी फिल्म कोरी होती, धोतरांच्या गाठोड्यात. ती तेवढी परत आली.

मंगळवार, २५ मे

परवा 'क्रमाने लिहितो' म्हटले आणि एक पायरी गाळली.

उत्तम भरतीला गेला तेव्हा वयाचा दाखला मी दिला. अठरा पूर्ण, असे लिहिले. तो दारात उभा राहून म्हणाला, "सर, गाडी निघून राह्यली," आणि रजिस्टर कपाटात होते, किल्ली हेडमास्तरांकडे. मी आठवणीवर लिहिले. तार आल्यावर रजिस्टर पाहिले. पाच महिने कमी होते. रजिस्टर उघडले असते तर त्याला त्या वेळी परत पाठवले असते. पाच महिन्यांनी तो पुन्हा गेला असता, की तोवर पेरणी तोंडावर येऊन घरीच राहिला असता, हे मला कधीच कळणार नाही.

ही गोष्ट या वहीशिवाय कोणाला ठाऊक नाही.

शनिवार, २९ मे

दुसरबीडला जाऊन आलो. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा मला बरे वाटले.

फिल्म गेल्या, हे सांगायला गेलो होतो. गोजरबाईंनी बसायला घोंगडी टाकली, शालूने पाणी आणले. तिच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत, मधल्या दोन फुटलेल्या. नव्या भरत नाही आणि आहेत त्या काढत नाही.

"आणलं का पाणी?" गोजरबाईंनी विचारले.

मी म्हणालो, फोटो अजून धुवायचे आहेत.

हे वाक्य कुठून आले मला ठाऊक नाही. ते तोंडातून बाहेर पडून माझ्या शेजारी घोंगडीवर बसले.

त्यांचे दीर भगवानराव तिफणीचा फण ठोकत होते. तिथूनच म्हणाले, "वयनी, सोयरे किती दिवस थांबतील? फोटो पाहून का पोरगा निघून येते का पाण्यातून?"

"तुमी तिफण ठोका, भाऊजी."

"ठोकूनच राह्यलो ना. तीन पेरण्या झाल्या ठोकून राह्यलो."

मग शालूने पापड भाजून आणले. इतका फुललेला पापड मी बऱ्याच दिवसांत खाल्ला नव्हता, तसे म्हणालो. गोजरबाईंचा चेहरा जरा उजळला. "खार माह्या मामाच्या गावचा हाये. लहानपणी उन्हाळाभर तिथंच राहो. परकराच्या ओच्यात गोळा करून आणो आमी पोरी, हात फुटून जात." मग बराच वेळ मामाकडच्या गोष्टी सांगत होत्या. माझे लक्ष नव्हते. मनात एकच, पुढच्या खेपेला काय सांगू.

बुधवार, २ जून

लोणारला गेलो. एक फिल्म उरली आहे. पाणी तिच्यावर कसे उतरते ते अजमावण्यापुरताच गेलो.

सकाळी नऊला कड्यावर पोचलो. खाली ते हिरवे पाणी, आणि सभोवार कढईच्या काठासारखा डोंगराचा कडा. उतरायला जंगलातून पाऊण तास. कमळजादेवीच्या देवळापाशी कोणी नव्हते. उन्हाळ्यात पाणी मागे सरते आणि काठावर खाराचा पांढरा थर राहतो. आसपासचे लोक तो गोळा करतात, पापडात घालतात. वास उग्र आहे.

दुपारपर्यंत पाणी काचेसारखे होते. मग दोनच्या सुमारास कढईत वारा शिरला आणि बारीक लाटा उठल्या, ओळीने. उन्हाच्या झळांत पलीकडचा कडा फिका झाला होता. मी पाठोपाठ पाच फोटो घेतले. हिरवे काय, निळे काय, फिल्मला दोन्ही सारखेच.

नंतर लक्षात आले की पाचव्या फोटोला मी गुडघ्यावर बसलो होतो, खाराची पांढरी रेघ पुढे मोठी यावी म्हणून. ती रेघ फेसासारखी दिसत होती. अजमावायला आलेल्या माणसाला गुडघ्यावर बसायची गरज नव्हती.

वर 'अजमावण्यापुरताच गेलो' असे लिहिले आहे. खोडणार होतो. राहू देतो.

शुक्रवार, ४ जून

बद्रुद्दीनच्या फोटोच्या दुकानी दिवस गेला. मागच्या खोलीच्या खिडकीला त्याने स्वतः बनवलेली पेटी ठोकली आहे. आरशाने बाहेरचे ऊन तिच्यात घेतो आणि लहान फोटो कागदावर मोठा करतो. लाल कागदातून येणाऱ्या उजेडात तो आणि मी तबकावर वाकून उभे होतो. कागदावर आधी खाराची रेघ उठली, मग लाटा, सगळ्यात शेवटी कडा.

"ये तो समुंदर है, मास्तर," तो म्हणाला. मग त्याने कड्यावर बोट ठेवले. "हा एवढा नसता तं."

त्याला गोजरबाईंची गोष्ट ठाऊक आहे.

"निघते हो तो. कागदावर ऊन पडून राह्यलं का मधात हात धराचा. जिथं सावली, तिथं कागद कोरा. फक्त हात हालता ठेवा लागते, नाई तं हाताचीच रेघ उमटते."

"ते खोटे होईल, बद्रुद्दीन."

"हा पडदा पाह्यला ना माह्या दुकानातला? संगमरवरी महाल, मधात कारंजा. आठवड्यात दहा कास्तकार त्याच्यासमोर उभे राह्यतात, धोतरावर कोट घालून. आजवर एकानं बी इचारलं नाही का महाल कोनाचा."

"त्यांना ठाऊक असते तो पडदा आहे."

"बुढीले काय ठाऊक हाये, हे तुमाले ठाऊक हाये का?"

त्याने हात धरायची तयारी दाखवली. मी नको म्हणालो. म्हणालो, धरायचा तर माझाच धरू द्या. चूक करायची तर दुसऱ्याच्या हाताने करू नये, असे काहीसे मला वाटले असावे. एवढा विचार सुचणाऱ्याला ती न करण्याचा विचार का सुचला नाही, ते सांगता येत नाही.

पहिल्या दोन कागदांवर माझ्या बोटांची सावली आली. तिसऱ्यावर कडा गेला. पाणी जिथे संपते तिथे आभाळ सुरू होते, मध्ये काही नाही.

निघताना बद्रुद्दीनने खणातून एक फिल्म काढून दिली. "मुदत गेलेली हाये. आभाळावर डाग येतीन. राहू द्या तुमच्यापाशी."

रविवार, ६ जून

दिला.

गोजरबाई आणि शालू अंगणात पेरणीसाठी सरकीला शेण चोळत होत्या, पलीकडे भगवानराव हातोडा घेऊन तिफणीपाशी बसले होते. गोजरबाईंनी हात धुतले, पदराला कोरडे केले आणि फोटो घेऊन उंबऱ्याशी गेल्या, उजेडाला. बराच वेळ उभ्या होत्या. बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

मग नखाने पांढऱ्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. "हे काय हो, मास्तर?"

"फेस," मी म्हणालो.

"फेस," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "आन् पलीकडं काय हाये?"

"काही नाही. पाणीच. नजर पोचत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. वर्गात पोर चुकीचे उत्तर देते आणि आपल्याला त्याच्या घरचे ठाऊक असते, तेव्हा आपण जसे पाहतो तसे. मग वळून शालूकडे पाहिले. शालू मान खाली घालून सरकी चोळत होती, तिचे हात कोपरापर्यंत शेणात, आणि ती फोटो पाहायला उठली नव्हती. तिला कोणी बोलावलेही नव्हते.

"लय शांत पाणी हाये," गोजरबाई म्हणाल्या. "बरं हाये."

मग अंगणाकडे तोंड करून म्हणाल्या, "भाऊजी, पळसाची पानं आणा. गेला आपला उत्तम."

भगवानरावांच्या हातातला हातोडा तसाच राहिला. शालू उठली, घंगाळातल्या पाण्यात हात बुचकळले आणि तशीच बसून राहिली.

मला सुटल्यासारखे वाटले. लिहिताना लाज वाटते, पण तेच वाटले. मोटार एकदाही बंद पडली नाही.

सोमवार, १४ जून

पुतळा झाला. मी गेलो होतो. तीनशे साठ देठे मोजली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. पळसाची पाने ओली होती, लवकर पेटेनात. भगवानराव फुंकर घालून घालून खोकत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. तिफण ठोकत 'पोरगा निघून येते का' म्हणाले होते तेच भगवानराव.

शालूच्या बांगड्या गोजरबाईंनी स्वतः उतरवल्या. फोडल्या नाहीत, एकेक काढल्या. म्हणाल्या, "फोडाच्या नाही. पुढं घालाच्या हायेत."

त्या अग्नीत खरे काय होते? पाने खरी होती. शोक खरा होता. त्यांना तिथवर आणणारा कागद तेवढा माझा.

रविवार, १८ जुलै

महिनाभर शाळेत फळ्यावर काही पुसताना हात थांबतो. आज ठरवून दुसरबीडला गेलो. कड्याचे सांगणार होतो आणि त्याबरोबर दाखल्याचेही. एक सांगून दुसरे ठेवणे म्हणजे पुन्हा मध्ये हात धरणे.

गोजरबाई एकट्या होत्या, शालू शेतात निंदायला गेली होती. मला वाटले होते फोटो देवांच्या फळीवर असेल. तिथे नव्हता. चुलीच्या बाजूला फडताळात, पापडाच्या डब्यामागे उभा होता. एकदा वाटले, पुरता जपलाही नाही; म्हणजे त्यांचे दुःख हलके झाले असावे.

मी म्हणालो, "बाई, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली."

"तुमच्या तोंडावरूनच दिसून राह्यलं. लेकराच्या वाणी तोंड करून आले तुमी."

"ती अशी की..."

"आज नोका सांगू." त्या तांदूळ निवडत होत्या, वर पाहिले नाही. "दसऱ्यानंतर शालूचा पाट ठरला. तो होऊ द्या. मंग सांगा. तवर मले बी सांगू नोका, आन् दुसऱ्याले तं मुळीच नाही. ते मेले सोयरे कायले बी निमित्त करतीन. पोरीनं दीड साल काढलं माह्यापायी. तिनं एक डाव इचारलं नाही, का आत्याबाई, काऊन थांबवता मले."

म्हणजे दाखल्याचे त्यांना कुठून तरी कळले आहे. दुसरे काय असणार? पाच महिन्यांची गोष्ट बाहेर आली तर साखरखेर्ड्याचे लोक अपशकून मानतील, अशी त्यांना भीती असावी. किती मोठे मन. आणि फोटोवर त्यांचा एवढा विश्वास, हे पाहून माझे ओझे दुप्पट झाले.

निघताना त्यांनी विचारले, "समुद्राले वास येते का हो?"

"येतो. मासळीचा, ओल्या दोरांचा."

"अस्सं. उग्र नसते ना?"

"तसा नसतो," मी म्हणालो. तेवढे तरी खरे सांगितले.

शनिवार, २३ ऑक्टोबर

शालूचा पाट गेल्या आठवड्यात साखरखेर्ड्याला झाला. मला बोलावणे होते. परीक्षेचे कारण सांगून गेलो नाही.

आज बाजाराला आलेले भगवानराव घरी आले. डोक्याला नवा फेटा. पाटाचे जेवण, मानपान, सगळे सांगितले. नव्या बांगड्या गोजरबाईंनी स्वतः जाऊन भरल्या म्हणे, कासाराला हात लावू दिला नाही. मग बंडीच्या खिशातून फडक्यात बांधलेली पुडी काढली.

"वयनीनं देली. आन् सांगून धाडलं का, मास्तरले म्हणा, आता सांगा."

"आणखी काही?"

"नाही. मीनं इचारलं काय सांगाचं हाये, तं म्हणे, तुमी तिफण ठोका." ते हसले. "सालभर झालं एकच बोलून राह्यली माह्याशी."

पुडीत पांढरट भुकटी होती. मला उलगडा होईना. ते गेल्यावर सौ.ला दाखवली. तिने चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"पापडखार आहे. लोणारचा."

"कशावरून?"

"दुसरा असा झोंबत नाही. का पाठवला पण? पापडाचे का दिवस आहेत हे?"

मी ही वही काढली आणि मे महिन्याची पाने उघडली. 'खार माह्या मामाच्या गावचा हाये. लहानपणी उन्हाळाभर तिथंच राहो. परकराच्या ओच्यात गोळा करून आणो आमी पोरी.' माझ्याच अक्षरात आहे. खाली मीच लिहिले आहे, माझे लक्ष नव्हते. आणि चार दिवसांनंतरच्या पानावर, पुन्हा माझ्याच अक्षरात, काठावरचा खार, लोक पापडात घालतात. दोन पानांत बोटभर अंतर नाही. वहीत खरे लिहितो या भ्रमात मी ते लिहिले आणि वाचले नाही.

ज्या रेघेवरून त्यांनी नख फिरवले ती रेघ त्यांनी लहानपणी हात फुटेपर्यंत ओच्यात भरली होती. तिला मी फेस म्हणालो आणि त्यांनी तो शब्द माझ्यामागे उच्चारला. पलीकडे काय आहे, हे त्यांनी विचारले ते कळावे म्हणून नव्हे. मी सांगतो का ते पाहत होत्या. मग शालूकडे पाहिले. एवढ्याशा वेळात त्यांनी मुलगा सोडला. समुद्र न पाहता, लोणारचे पाणी हातात धरून, सुनेसाठी. मला वाटत होते मी त्यांना फसवून मोकळे केले.



आता सांगायचे आहे. कड्याचे त्यांना ठाऊक आहे, तरी ते माझ्या तोंडून जायला हवे. दाखल्याचे मात्र त्यांना ठाऊक नाही, जुलैत मी चुकलो होतो. ते ऐकल्यावर त्या माझ्याकडे कशा पाहतील, याची कल्पना करवत नाही. पण तेही सांगणार, आणि त्याच बैठकीत.

रिकाम्या हाताने जाणार नाही. आता लोणारचे पाणी चढले असेल, काठावर खार नसेल, फेस म्हणून दाखवायला काही उरले नसेल. पावसानंतर हवा स्वच्छ आहे, कडा झाडांसकट दिसेल. बद्रुद्दीनने दिलेली फिल्म खणात आहे. आभाळावर डाग येतील, येऊ देत.

उद्या: सकाळच्या मोटारीने लोणार, त्याच जागेवरून, पलीकडच्या कड्यासकट फोटो घेणे.